विश्लेषण : मेंदूतला ‘फुगा’ एमआरआयमध्ये दिसला, पुढे काय?

अभिनेता सलमान खान याने जून २०२५ मध्ये कपिल शर्माच्या कार्यक्रमात आपल्याला मेंदूचा एन्युरिझम असल्याचे सांगितले आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याच सुमारास आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘संपूर्ण शरीराचा एमआरआय’ही दिसू लागला आहे. त्यामुळे ‘आपणही एकदा डोक्याचा एमआरआय करून घ्यावा का,’ हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. एमआरआय हे उत्तम साधन आहे, पण ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. एन्युरिझम फुटल्याची शंका असेल तेव्हा तर ते पहिले साधनही नाही. हा फरक समजून घेतला नाही, तर धडधाकट माणसे भीतीने खचतील आणि ज्याला खरी गरज आहे तो घरी कपाळाला बाम चोळत बसेल.

एन्युरिझम म्हणजे काय?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा फाटा फुटतो तिथे, कमकुवत होते. रक्ताच्या दाबाने ती बाहेर फुगते. हाच एन्युरिझम. प्रौढांमध्ये सुमारे तीन टक्के लोकांच्या मेंदूत असा फुगा असू शकतो, असा जगभरातील अभ्यासांचा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही आणि आयुष्यभर तो फुटतही नाही. मात्र फुटला, तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि तो जिवावर बेततो. वाचलेल्यांपैकीही अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

एमआरआयला तो कसा दिसतो?

इथे बहुतेकांची गल्लत होते. डोक्याचा साधा एमआरआय आणि ‘एमआर अँजिओग्राफी’ म्हणजे एमआरए या वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या एमआरआयमध्ये मेंदूचा भाग नीट दिसतो, पण लहान एन्युरिझम सुटू शकतो. एमआरए त्याच यंत्रावर होते, मात्र तिचा रोख रक्तवाहिन्यांवर असतो. तिच्या ‘टाइम ऑफ फ्लाइट’ या पद्धतीत एका जागी स्थिर असलेल्या पेशींचा संकेत दाबला जातो आणि नव्याने वाहत येणारे रक्त उजळ दिसते. त्यामुळे वाहणारे रक्तच चित्र काढते. क्ष-किरण लागत नाहीत, शिरेतून औषधही द्यावे लागत नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासणी करायची असेल, तर हा मोठाच फायदा आहे.

तपासणी किती विश्वासार्ह?

बहुतांश एन्युरिझम एमआरएमध्ये सापडतात. तरी तीन मिलिमीटरपेक्षा लहान फुगा निसटू शकतो. मोठ्या फुग्यात रक्त संथ फिरत असेल किंवा गोठलेले असेल, तर त्याचा खरा आकार कमी भासू शकतो. उलट, धमनीच्या उगमाशी असलेला नैसर्गिक फुगीर भाग एन्युरिझमसारखा दिसून विनाकारण घबराटही होते. म्हणून शंका असल्यास सीटी अँजिओग्राफी केली जाते. त्याहीपुढे जाऊन, मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून करायची अँजिओग्राफी म्हणजे डीएसए आजही सर्वांत अचूक मानली जाते. पण ती शरीरात नळी घालून करावी लागते आणि तिला थोडी का होईना जोखीम आहे.

सापडला, तर लगेच शस्त्रक्रिया?

नाही. जपानमधील सुमारे ५,७०० रुग्णांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न फुटलेला एन्युरिझम फुटण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी एक टक्क्याहून किंचित कमी आढळले. तीन ते चार मिलिमीटरच्या फुग्यात ते याहून बरेच कमी होते, तर २५ मिलिमीटरच्या पुढे वर्षाला सुमारे ३३ टक्के. आकाराबरोबरच जागा, फुग्याचा ओबडधोबडपणा, वय, रक्तदाब आणि पूर्वी झालेला रक्तस्राव यांचाही विचार करावा लागतो. कवटी उघडून क्लिप लावणे किंवा नळीतून कॉइल भरणे, दोन्ही उपचारांना स्वतःचे धोके आहेत. म्हणून अनेकदा ‘लक्ष ठेवा, रक्तदाब आटोक्यात आणा, सिगारेट सोडा’ हाच योग्य सल्ला असतो. तो सल्ला देणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

लक्ष ठेवायचे म्हणजे ठरावीक काळाने एमआरए करून फुगा वाढला का, हे पाहायचे. त्यासाठी जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच प्रकारच्या यंत्रावर तपासणी करा. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने माणसाची झोप उडू नये. शस्त्रक्रिया झालेल्यांनी बसवलेल्या क्लिपची माहिती देणारे कार्ड जपावे. काही जुन्या क्लिप चुंबकीय क्षेत्रात हलू शकतात आणि ते प्राणघातक ठरू शकते.

मग तपासणी कोणी करावी?

आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना किंवा अधिक जणांना एन्युरिझम झाला असेल, त्यांनी. मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या काहींनी, विशेषतः कुटुंबात मेंदूच्या रक्तस्रावाचा इतिहास असल्यास. ज्यांचा एन्युरिझम आधी फुटला आहे किंवा ज्यांच्यावर उपचार झाले आहेत, त्यांनी. बाकीच्यांनी ‘ऑफर आहे म्हणून’ एमआरए करण्यापेक्षा तेच पैसे रक्तदाबाच्या औषधांवर खर्चावेत आणि तंबाखू थांबवावी. तपासणी केंद्रांचीही जबाबदारी आहे. सापडलेल्या फुग्याचे करायचे काय, हे समजावणारा माणूस सोबत नसेल, तर अहवालाचा तो कागद रुग्णाला देण्यात सेवा नाही.

अचानक डोके दुखले तर?

क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणे, शुद्ध हरपणे, फीट येणे किंवा एक पापणी अचानक खाली पडणे, यांपैकी काही झाले तर एमआरआयची वेळ घेत बसू नका. थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. ताजा रक्तस्राव सीटीवर काही मिनिटांत कळतो आणि पहिल्या सहा तासांत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘अर्धशिशी आहे’ म्हणत रात्र काढणे महागात पडते.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयात एमआरआयसाठी ताटकळावे लागते आणि खासगीत खिसा रिकामा होतो. अशा स्थितीत हे यंत्र कोणासाठी वापरायचे, हा निव्वळ वैद्यकीय प्रश्न उरत नाही. निरोगी माणसाच्या हौसेच्या तपासणीआधी, ज्याच्या घरात दोन माणसे या आजाराने गेली त्याचा नंबर लागायला हवा. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात रात्री दोन वाजताही सीटी सुरू असायला हवे. मेंदूतल्या फुग्यामुळे जाणारे जीव यातूनच वाचतील.