निळं दिसलं की हात मागे!

गेल्या जानेवारीत दोन-तीन दिवस सिडनीत ईशान्येचा वारा सुटला होता. त्यानंतर आम्ही कोलरॉयच्या किनाऱ्यावर गेलो, तर भरतीच्या रेषेवर ब्लूबॉटलचा नुसता सडा! सुट्टीला आलेल्या सासूबाई चपला काढून ओल्या वाळूत पाय टाकणार होत्या. त्यांना थांबवते तोवर धाकटी पुढे पळाली आणि ओरडली, "आई, बघ, इवलासा ड्रॅगन!"

बोटाच्या पेराएवढा, निळा-चंदेरी, दोन्ही बाजूंना पंख्यासारखी बोटं पसरलेला. आमच्या घरचा नियम आहे, समुद्रावर निळं दिसलं की हात मागे. तो विसरून तिनं हात पुढे केलाच होता. मी मनगट धरून ओढलं, तशी ती रडायलाच लागली. तिला कारण सांगायचं म्हणून घरी येऊन वाचत बसले. शिक्षकी सुटली तरी सवय सुटत नाही.

याचं नाव ग्लॉकस अटलांटिकस. ही बिनशंखाची गोगलगायच, पण भर समुद्रात राहणारी. लांबी फार तर तीन सेंटिमीटर. हवेचा बुडबुडा गिळून पोटात ठेवते आणि त्याच्या जोरावर उलटी तरंगते. वर असतं ते निळं पोट, त्यामुळे पक्ष्याला ती पाण्यातून वेगळी दिसत नाही. खाली असते ती चंदेरी पाठ, त्यामुळे खालच्या माशाला ती वरच्या चकाकत्या पाण्यात मिसळून गेलेली वाटते. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जायचं, म्हणून तर ब्लूबॉटलबरोबर तीही किनाऱ्याला लागते.

ब्लूबॉटल हेच तिचं खाणं. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येतात, तेच हे ब्लूबॉटल. त्यांच्या विषारी पेशी ती पचवत नाही. आपल्या 'बोटांच्या' टोकांत साठवून ठेवते. म्हणून तिचा डंख कधीकधी ब्लूबॉटलपेक्षाही जास्त झोंबतो. प्रत्येक ग्लॉकस नर आणि मादी दोन्ही असते, आणि अंड्यांच्या माळा पुष्कळदा खाऊन उरलेल्या भक्ष्यावरच घालते.

दिवाळी झाली की आपले समुद्राचे दिवस सुरू होतात, भारतातून आजी-आजोबाही येतात. म्हणून सांगून ठेवते. सिडनीकडे ब्लूबॉटल डसला तर चोळू नका. चिकटलेले तंतू काढा, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि मग सोसवेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात तो भाग 20 मिनिटं ठेवा. व्हिनेगर नको. सासूबाईंनी विचारलेली हळदही नको! श्वासाला त्रास झाला तर मात्र थेट 000 फिरवा. उत्तर क्वीन्सलंडच्या पेटी-जेलीफिशची गोष्ट वेगळी. तिथे व्हिनेगरच लागतं.

आणि ड्रॅगनचं काय झालं? रडू थांबल्यावर धाकटीनं त्याला प्लॅस्टिकच्या फावड्यावर घेऊन पाण्यात सोडलं. पुढच्याच लाटेनं तो परत आमच्या पायांशी आणून टाकला. तिनं पुन्हा सोडला. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा तो दिसला नाही, तेव्हा कुठे ती घरी यायला तयार झाली.