वॅट वाढले म्हणून सूर वाढत नाही

आमच्या खात्यात हल्ली 'पॉवर'ची चर्चा फार चालते. बदल्या-बढत्यांची पॉवर नव्हे, होम थिएटरची! चवथीआधी बोनस हाती पडला की कुणीतरी रिसीव्हर घेतो आणि महिनाभरात दुसरा कुणीतरी त्याच्या कानाशी लागतो, "अरे बाब, नुसत्या रिसीव्हराक अर्थ ना. वेगळो पॉवर अ‍ॅम्प्लिफायर लाय!" हा मंत्र मी दोन वर्षे ऐकतो आहे. आज उत्तर देतो. फ्लॅटात राहणाऱ्या आणि साधे स्पीकर असलेल्या माझ्यासारख्या कारकुनाने वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेणे म्हणजे पैसे मांडवीत सोडणे होय.

आधी प्रकार काय आहे तो पाहू. रिसीव्हरच्या एकाच पेटीत दोन खाती असतात. एक खाते आवाजाची वाटणी करते, म्हणजे कोणत्या स्पीकरला काय आणि किती द्यायचे ते ठरवते. दुसरे खाते त्या क्षीण संकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ देते. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा म्हणजे पहिले खाते तसेच ठेवून दुसऱ्याचे काम बाहेरच्या पेटीला द्यायचे. त्यासाठी रिसीव्हरच्या पाठीमागे 'प्री-आउट' नावाची भोके लागतात. गंमत अशी, की स्वस्तातल्या बऱ्याच रिसीव्हरना ती फक्त सबवूफरपुरती असतात. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर घेण्यासाठी आधी महागडा रिसीव्हर घ्या!

आता हिशेब. मी कला शाखेचा पदवीधर, गणिताशी माझे शाळेपासून वैर. तरीही हा हिशेब मला जमला. साधारण स्पीकरला १ वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे ८८ डेसिबल आवाज येतो. आपण सोफ्यावर तीन मीटर दूर बसलो तरी ८० च्या आसपास उरतो. नेहमीचे बोलणे असते ६० च्या घरात. म्हणजे एका वॅटातच आपण घरच्यांना ओरडून बोलायला लावतो! पखवाजाची थाप किंवा सिनेमातला स्फोट यांना क्षणभर शंभरपट ताकद लागली, तरी ती झाली १०० वॅट. मग १०० चे २०० केले तर किती वाढते? फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पैसे दुप्पट मोजून कानाच्या पदरात काय पडले ते तुम्हीच पाहा.

खोक्यावरचे आकडे ही आणखी एक करमणूक. मोठ्या अक्षरांत वॅट छापतात आणि खाली मुंगीच्या अक्षरांत लिहितात, 'एकच चॅनल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती'. सरकारी परिपत्रकातली तळटीप वाचायची सवय असलेल्या माणसाने तरी ही ओळ सोडू नये. याच आकड्यावर विश्वास ठेवून लोक आधी फसतात आणि मग 'पॉवर कमी पडते' म्हणून दुसऱ्यांदा फसतात.

नुसता कागदी हिशेब नको म्हणून एका मित्राचा अ‍ॅम्प्लिफायर आठ दिवस घरी आणला. दोन्हींचा आवाज सारखा लावला, मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि सौ. तारा बदलत राहिली. कधी बरोबर ओळखले, कधी चूक. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. दोन दिवस एक बारीक घूंऽऽ मात्र ऐकू येत होते. दोन पेट्या दोन वेगवेगळ्या प्लगांत लावल्या की कधी कधी अर्थिंगचा असा घोळ होतो.

विरोधी पक्षाचेही ऐकले पाहिजे. ज्यांचे स्पीकर ४ ओहमचे किंवा एका वॅटात जेमतेम ८२-८३ डेसिबल देणारे आहेत, ज्यांचा हॉल जुन्या वाड्याएवढा आहे आणि जे आवाज खरोखरच चढवतात, त्यांचा रिसीव्हर तापतो, धापा टाकतो, आवाज फाटतो. त्यांनी खुशाल घ्यावा. पण आवाज फाटत नसताना औषध कशाला?

आपला खरा रोग खोलीत आहे. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या. टाळी वाजवून बघा, उलट उत्तर येईल. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, पुस्तकांचे कपाट, स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढलेले, एवढ्यानेच माझ्या घरात गाण्याचे शब्द सुटे झाले.

शेवटच्या रात्री मित्र पेटी न्यायला आला. जाण्यापूर्वी "हिची खरी ताकद बघ" म्हणून त्याने आवाज चढवला. पाच मिनिटांत शेजारच्या वहिनी दारात. भांडल्या नाहीत. "सासूबाईंना आजच हॉस्पिटलातून आणलंय, जरा कमी कराल?" एवढेच म्हणाल्या. मान वर करवेना. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. देवळापुढच्या कर्ण्यांवर तावातावाने बोलणारा मी, घरात नेमके तेच करत होतो.

केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ते ध्वनिमुद्रण काही मिनिटांचे आणि जुने आहे. हजार वॅट लावून त्यात एक श्रुतीही वाढणार नाही. पंखा बंद करून, मोबाइल बाजूला ठेवून ऐकले तर मात्र पुष्कळ वाढते, आणि तेही फुकट. तेव्हा मंडळी, बोनस शिल्लक असेल तर पडदे घ्या. नाहीतर कलेच्या एखाद्या मैफलीला जा, तिथे तरी पुढच्या रांगा रिकाम्या नसाव्यात.