पॅनेल गेलं म्हणे!

मंडळी, हल्ली टीव्ही बिघडला की दुरुस्तीवाला दारातूनच निदान करतो, "आजोबा, पॅनेल गेलं. नवीनच घ्या." पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी, म्हणून आपण मुकाट मान डोलावतो. वर्गात जन्मभर पोरांना "कशावरून?" विचारलं, मग याला का विचारू नये?

आवाज येतोय, पण पडदा काळा. अशा वेळी खोलीत अंधार करा आणि टीव्ही चालू ठेवून टॉर्चचा झोत पडद्यावर जवळून, तिरका मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल बहुधा ठणठणीत आहे. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. तो मागच्या एलईडी पट्ट्या देतात. बऱ्याच संचांत हे दिवे एका माळेत असतात, म्हणजे एक गेला की सगळे विझले. (कधी त्यांना वीज देणारा भागच गेलेला असतो.) पट्ट्या बदलायला पॅनेलच्या मानाने फारच कमी खर्च येतो. बदलायच्या तर सगळ्याच बदला, बाकीच्याही त्याच वयाच्या! काच उचलावी लागते, तेव्हा कारागीर सराईत हवा. पुढे बॅकलाइट थोडा कमी ठेवावा.

आमच्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींचा टीव्ही असाच भंगारातून वाचला. त्यांना दिवसभर सोबत त्याचीच.

काच तडकली असेल तर मात्र तो खरं बोलतोय. ओएलईडीला ही परीक्षा लागू नाही, तिथे मागे दिवेच नसतात. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते.