आमचा पिक्चर आम्हाला कधी दावणार?

खेड्यातल्या माणसाला चांगला सिनेमा कळत नाही, त्याला नाचगाणी आणि मारामारीच लागते, हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतोय. बोलणारे बहुतेक शिकलेले असतात, शहरात राहतात आणि खेड्यातल्या माणसाच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांनी एकही पिक्चर बघितलेला नसतो. मी दहावी शिकलेला शेतकरी. पण मी पिक्चर बघितलेत आणि बघणारेही बघितलेत. म्हणून छातीठोकपणे सांगतो, हे वाक्य खोटं आहे.

आमच्या खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. जनावरांचा बाजार, मेवामिठाईची दुकानं, पाळणे आणि त्यापलीकडं तंबूतल्या टॉकीज. ट्रकवर मशीन, भोंग्यावर जाहिरात, एका अंगाला गडी, दुसऱ्या अंगाला बायका, बूड टेकायला माती. मी लहान असताना तिथं ‘संत तुकाराम’ बघितला. म्हातारी माणसं चपला काढून बसली होती. पण बायकांच्यात चर्चा झाली ती तुकोबांच्या बायकोची. घरात दाणा नाही आणि नवरा असेल नसेल ते वाटत सुटलाय, तर तिनं भांडू नये तर काय करावं? यावर आमची आई आणि चुलती घर येईपर्यंत बैलगाडीत वाद घालत होत्या. दोघींनाही सही येत नव्हती, अंगठा करायच्या.

प्रभातनं तो पिक्चर १९३६ साली काढला आणि १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे व्हेनिसच्या परीक्षकांना आणि माझ्या चुलतीला एकच पिक्चर पटला. मग महोत्सवाचा सिनेमा वेगळा आणि खेड्याचा वेगळा, ही वाटणी केली कुणी?

आता बघायची जागाच राहिली नाही. तालुक्याच्या थिएटरात खाली बाकडी, वर बाल्कनी. बाजाराच्या दिवशी माणसं कांदा-बटाटा विकून दुपारचा खेळ बघायची आणि संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं यायची. ते बंद पडून किती वर्षं झाली. पिक्चर बघायचा तर जिल्ह्याला जायचं. चौघांचं तिकीट, एसटीचं भाडं, वर चहा-वडा, एवढ्यात दोन बायकांची खुरपणीची मजुरी जाते. रात्रीचा शो सुटल्यावर परतीची गाडी नसते. एवढं करून म्हणायचं, खेड्यातला प्रेक्षक येत नाही. रस्ता तुम्हीच उकरून ठेवायचा आणि पाहुणा का आला नाही म्हणून विचारायचं, यातली गत.

खरा राग मात्र याच्या पुढंच आहे. ‘टिंग्या’ आला २००८ साली, एका पोराचा आणि त्याच्या बैलाचा. ‘गाभ्रीचा पाऊस’ विदर्भातल्या शेतकऱ्याचा. तो २००९ साली हॉलंडात रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला. ‘फँड्री’ करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा. ‘ख्वाडा’ मेंढपाळांचा, त्यासाठी भाऊराव कऱ्हाडेंनी स्वतःची जमीन विकली. माती आमची, भाषा आमची, दुखणं आमचं, आणि पिक्चर गेला हॉलंडला. जाऊ दे, आनंद आहे. पण हॉलंडला गेलेला पिक्चर आमच्या तालुक्याला का येत नाही?

लेक शहरात असते. तिनं एकदा मला एका महोत्सवाला नेलं. दुष्काळावरचा पिक्चर होता. चारशे-पाचशे माणसांत टोपी घातलेला मी एकटा. मध्यंतराला शेजारच्या बाईंनी मोठ्या आदरानं विचारलं, “काका, तुम्ही यात काम केलंय का?” बाई मनानं चांगल्या होत्या, त्यांचा दोष नाही. पण टोपीवाला माणूस पडद्यावर असतो, पडद्यासमोर नसतो, हे त्यांना इतकं सवयीचं झालेलं. नंतर दिग्दर्शकाला प्रश्न विचारले ते कॅमेऱ्याचे आणि उजेडाचे. विहीर आटल्यावर त्या माणसानं जनावरं का विकली नाहीत, हे कुणी विचारलं नाही. आमच्या पारावर पहिला प्रश्न तोच आला असता.

‘गाभ्रीचा पाऊस’ मी मोबाइलवर बघितला. रात्रीची लाइट होती, मोटर चालू करून खोपीत बसलो होतो. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर घरची बाई धास्तावते आणि नवऱ्यावर नजर ठेवायला पोराला त्याच्या मागं धाडते. मी एकट्यानंच बघितला आणि एकट्यानंच गिळला. हाच पिक्चर शाळेच्या पटांगणात दोनशे माणसांनी एकत्र बघितला असता तर? कर्जाविषयी घरात तोंड न उघडणारा माणूस पिक्चरातल्या किसनाच्या निमित्तानं तरी बोलला असता. बायका तर नक्की बोलल्या असत्या. सिनेमा चार माणसांत बघायचा असतो तो यासाठी. मोबाइलवर पिक्चर मिळतो, पण पिक्चर संपल्यावरचं बोलणं मिळत नाही.

कुणी म्हणेल, बोलायला सोपं आहे. करून दाखवलेलं सांगतो. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू म्हणून खेडं आहे, सुपारीच्या बागांचं. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी ‘नीनासम’ संस्था उभी केली, नाटकं बसवली आणि सत्तरच्या दशकात गावकऱ्यांना जगातले नामांकित सिनेमे दाखवले. बंगालचा ‘पथेर पांचाली’, इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’, जपानचा ‘राशोमोन’. कन्नडमधून गोष्ट समजावून सांगायची आणि पडदा लावायचा. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि रिळं येत कुठून? आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून. तिथले पी. के. नायर पाठवत. पुण्याची रिळं शिमोग्याच्या खेड्यात पोचली. खटाव, माण, करमाळा त्यापेक्षा कितीतरी जवळ आहेत.

आमचीही चामडी वाचवत नाही. यात्रा कमिट्या डीजे आणि ऑर्केस्ट्रावर एका रात्रीत लाखाची वर्गणी उडवतात. पडद्याला आणि मशीनला त्यातला थोडा भाग पुरेल. पण सरपंचाला विचारा, म्हणतो माणसं बसणार नाहीत. शहरातला जे म्हणतो तेच हा म्हणतो, फक्त कपडे वेगळे.

मराठी सिनेमाला सरकार अनुदान देतं. त्यात आम्ही डिझेलवर आणि खताच्या पिशवीवर भरलेला करही आहे. म्हणून ही भीक नाही, मागणी आहे. सरकारी पैशावर भरणाऱ्या प्रत्येक महोत्सवानं दोन दिवस तालुक्याच्या गावात भरवावेत. अनुदान घेतलेला पिक्चर ज्या मुलखावर काढला त्या मुलखात आधी दाखवावा. दिग्दर्शकानं सोबत यावं आणि खेळ झाल्यावर तासभर आमच्यात बसावं.

मार्गशीर्षात यात्रा भरेल. जागा आहे, सतरंज्या आम्ही अंथरू, भाकरी-पिठलं आमच्याकडं. तुम्ही पिक्चर तेवढा घेऊन या. प्रश्न आम्ही विचारू.