बडा गणपतीजवळचा रिकामा रविवार



आम्ही वसईकर. समुद्र पाठीशी, चर्च दाराशी आणि रविवार हा आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा वार. सकाळी मिस्सेआधी पार्किंगला उभे राहायचे, मग धर्मशिक्षणाचे वर्ग, दुपारी सभा, संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटी. विश्रांतीचा दिवस असा पाळला की सोमवारी पाठ धरते.

मध्यंतरी इंदूरला ताईकडे गेलो होतो. तिचे घर बडा गणपती चौकापासून चालत पाच मिनिटांवर. मिस्सा शनिवारी संध्याकाळीच झालेली, परतीची गाडी सोमवारची. म्हणजे रविवारी करायला काही नाही. पहिला तासभर ते आम्हांला सोसेना. भरलेल्या बॅगा पुन्हा भरल्या, फोन दहा वेळा पाहिला. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "खाली जाऊन पोहे खाऊन या. आणि लवकर येऊ नका!"

इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम ठेवतात. वर शेव, बारीक कांदा, जिरावनाची चिमूट आणि शेजारी जिलेबी. आधी जिलेबी की आधी पोहे, यावर तिथे आमच्याशी तिघे वाद घालायला तयार होते. कुणालाही घाई नव्हती. देवळासमोर फुलांची आणि नारळांची दुकाने उघडत होती. आतली मूर्ती सुमारे २५ फूट उंच, रस्त्यावरूनही नजरेत भरते. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी आमचे बोलणे ऐकून मराठीतच विचारले, "कुठले तुम्ही?" घराणे होळकरांच्या काळात इकडे आलेले. मराठीला हिंदीचे वळण, पण कानाला गोड. म्हणाले, "हे सगळे मल्हारगंज. मल्हार म्हणजे आमचा खंडोबा, आणि रविवार त्याचा वार. आज कसली घाई?"

त्यांच्या या एका वाक्याने आमचा दिवस ढवळून काढला. कारण रविवारच्या सुट्टीवर आपण ख्रिस्ती लोक जणू मालकी सांगतो. इतिहास निराळे सांगतो. राज्य इंग्रजांचे होते, त्यांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरण्यांतला मजूर राबत असे. त्याला साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली ती जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ पासून सभा, अर्ज, मागण्या करत अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवार मागताना लोखंड्यांनी खंडोबाच्या वाराचाही दाखला दिला होता, असे सांगतात. आज्ञा मोशेच्या पाटीवर होती, पण मजुरासाठी ती मागायला सत्यशोधक उभा राहिला. आपण तेव्हा काय करत होतो?

निर्गमच्या विसाव्या अध्यायातली ती आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आतला परका, सगळ्यांची नावे त्यात आहेत. आपण ती वाचतो आणि मिस्सा चुकली का एवढेच विचारतो. आमच्या मते खरा प्रश्न दासीचा आहे.

पोहेवाल्याला विचारले, उठता कधी? "तीन बजे." ताई दुपारी झोपली नाही, आमच्या जेवणाची भांडी होती. आणि मग आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणारी बाई आठवली. रविवारी मिस्सा जास्त, कार्यक्रम जास्त, म्हणून कचरा जास्त, म्हणून रविवारी तिला हमखास बोलावणे. तिला रविवारची सुट्टी शेवटची कधी दिली, हे आम्हां दोघांनाही आठवेना. आमचा सेवाभाव तिच्या पाठीवर उभा होता.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्राकाठी, रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य किनाऱ्याला लागतात तेव्हा निखाऱ्यांवर मासळी आणि जवळ भाकर तयार असते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला चुलीचा वास काय वाटतो, ते आमच्या कोळीवाड्यांना सांगायला नको. प्रभूने निखारे स्वतः पेटवले होते. मेंढरे चारण्याची गोष्ट त्याने पेत्राजवळ काढली ती न्याहारीनंतर.

परतल्यावर आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे दोन गोष्टी मांडल्या. महिन्यातला एक रविवार सभेविना जावा. आणि रविवारची झाडलोट आपण पाळीने करावी, बाईचा पगार न कापता. पहिलीवर बराच खल झाला, अजून चालू आहे. एका ज्येष्ठांचे म्हणणे, काम थांबले तर लोक विखुरतील. आम्हांला वाटते, दमलेले लोक आधीच विखुरलेले असतात, फक्त खुर्च्या भरलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट मात्र मान्य झाली.

पहिल्या रविवारी मिस्सा संपली, आम्ही बाह्या सरसावल्या, आणि झाडू कुठे ठेवतात हेच कुणाला माहीत नव्हते. शेवटी बाईलाच फोन करावा लागला.