१९ फेब्रुवारीच्या आत आदेश मागे घ्या

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारला, आमची मतं घेऊन काँग्रेसमध्ये बसलेल्या प्रतिनिधींना आणि अमेरिकेतल्या मराठी समाजाच्या नावानं वर्षानुवर्षं व्यासपीठावर मिरवत आलेल्या आमच्याच पुढाऱ्यांना हा जाहीर इशारा आहे. तिघांनाही मुदत एकच, १९ फेब्रुवारी २०२५.

२० जानेवारीला शपथ घेतल्यावर काही तासांतच ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या आदेशावर सही केली. सहीपासून तीस दिवस उलटल्यानंतर अमेरिकेत जन्मणाऱ्या बाळांना तो लागू होणार आहे. बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, आणि आई कागदपत्रांविना इथं राहत असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर त्या बाळाला सरकारचं कोणतंही खातं नागरिक म्हणून मान्यता देणार नाही, असं त्यात लिहिलं आहे.

हा आदेश सीमेवरून चोरून आलेल्यांसाठी आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पुन्हा वाचावा. एच-१बी, एच-४, एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१ हे सगळे व्हिसे कायदेशीर आणि तात्पुरतेच आहेत. एडिसनमध्ये, फ्रिमाँटमध्ये, डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये भाड्याच्या अपार्टमेंटात राहणारं पुण्याचं, नाशिकचं, नागपूरचं जोडपं या आदेशात नेमकं सापडतं. हे लोक इथं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं आहेत, दर पंधरवड्याच्या पगारातून टॅक्स भरतात. त्यांचं ग्रीन कार्ड अडलं आहे ते अमेरिकेच्याच कायद्यामुळे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. आधी माणसाला वर्षानुवर्षं रांगेत उभं करायचं आणि मग रांगेत आहेस म्हणून तुझं मूल परकं ठरवायचं, हा अन्याय आहे. आम्ही तो खपवून घेणार नाही.

हा आदेश अमलात येणार कसा, याचा विचार सही करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आज बाळंतीण घरी जाण्याआधी रुग्णालयातली बाई तिच्या हातात जन्मनोंदणीचा फॉर्म देते. त्यात आईबापांची नावं, त्यांचा जन्म कुठं झाला, शिक्षण वगैरे विचारतात. बाळाला सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, यावर एक खूण करायची असते. ती केली की काही आठवड्यांत कार्ड टपालानं घरी येतं. पासपोर्ट काढायला जन्मदाखला पुरतो. या फॉर्मवर आईबापांच्या व्हिसाबद्दल एक रकानाही नाही, कारण १८६८ पासून त्याची गरजच पडली नव्हती. उद्या तो रकाना आला, तर तो तपासणार कोण? प्रसूतीच्या खाटेवरच्या बाईकडून नवऱ्याच्या व्हिसामंजुरीची आय-७९७ नोटीस कोण मागणार? आणि हा प्रश्न फक्त व्हिसावाल्यांचा राहणार नाही. आजवर जन्मदाखला दाखवून जे मूल नागरिक ठरत होतं, त्याला यापुढे आईबापांचे कागद दाखवावे लागतील. आईबाप नागरिक असले तरीही. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी आपल्या आजोबांचा जन्मदाखला घरात सापडतो का ते बघावं.

तारखेआधी सिझेरियन करून घ्यावं का, असं गरोदर बायका डॉक्टरांना विचारू लागल्याच्या बातम्या आल्या. एका सहीनं आईला आपल्या पोटातल्या बाळाचे आठवडे मोजायला लावले. या एकाच गोष्टीसाठीसुद्धा हा आदेश फाडून टाकण्याच्या लायकीचा आहे.

न्यायालयांनी सांगायचं ते सांगितलं आहे. सिएटलचे न्यायाधीश जॉन कफनौर यांनी २३ जानेवारीलाच तो ढळढळीत घटनाबाह्य म्हणून रोखला. त्यांना रोनाल्ड रेगन यांनी नेमलं होतं. मेरीलँडमध्ये ५ फेब्रुवारीला, न्यू हॅम्पशायरमध्ये १० तारखेला आणि बोस्टनमध्ये १३ तारखेला आणखी तीन न्यायाधीशांनी तेच केलं. न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले आहेत. २२ राज्यं या आदेशाविरुद्ध कोर्टात उभी आहेत. तरी सरकार अपिलात गेलं आहे. वर ९ फेब्रुवारीला उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी जाहीर केलं की कार्यपालिकेच्या रास्त अधिकारांवर न्यायाधीशांना नियंत्रण ठेवता येत नाही. म्हणून, स्थगिती आहे, आता निवांत झोपा, असं सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. स्थगिती उठू शकते. आदेश जिवंत आहे तोवर टांगती तलवार आहेच.

हा प्रश्न या देशात पहिल्यांदा आलेला नाही. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चिनी आईबापांचा मुलगा. आईबापांना तेव्हाच्या कायद्यानं नागरिक होताच येत नव्हतं. चीनला जाऊन परतताना बंदरावर त्याला अडवलं. त्यानं दावा लावला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की इथं जन्मला तो नागरिक. चौदावी घटनादुरुस्ती हेच सांगते. ती बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची संमती लागते. अध्यक्षाच्या पेनाला तो अधिकार नाही.

आणि १९ फेब्रुवारी ही तारीख आम्हा भारतीयांना नवी नाही. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे कागदही काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. अहमदाबादेत जन्मलेले, १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झालेले आणि कॅलिफोर्नियात वकिली करणारे. सरकारनं त्यांच्याही नागरिकत्वावर दावा लावला. पंडित घाबरून गप्प बसले नाहीत. ‘याच नागरिकत्वाच्या भरवशावर मी सनद घेतली, मालमत्ता केली, लग्न केलं. तुम्ही दिलेला शब्द आता फिरवता येणार नाही,’ असा त्यांनी युक्तिवाद केला. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला आणि उरलेल्या भारतीयांवरचे खटले सरकारला सोडून द्यावे लागले. एकट्या वकिलानं सरकारला मागे सरायला लावलं. ही गोष्ट आपल्या मुलांना मराठी शाळेत का शिकवली जात नाही, ते मला कळलेलं नाही.

याच १९ फेब्रुवारीला, १९४२ साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत कोंडण्यात आलं. त्यांतले दोन तृतीयांश इथंच जन्मलेले नागरिक होते. पुढे १९८८ मध्ये या देशाला कायदा करून त्यांची माफी मागावी लागली. सह्या करणाऱ्यांना आमचं सांगणं आहे: तुमच्या सहीचीही माफी कुणाला तरी मागावीच लागेल.

आता आमच्याच घरातून येणारा आक्षेप. भारतात तरी जन्मानं नागरिकत्व मिळतं का? मिळत नाही, हे खरं. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक जण भारतीय असावा लागतो आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला आहे. पण तो बदल संसदेनं कायदा दुरुस्त करून केला, पुढची तारीख ठरवून केला. एका माणसानं शपथविधीच्या संध्याकाळी राज्यघटनेवर शाई ओतली नाही. अमेरिकेला नियम बदलायचा असेल तर तिनंही घटनेच्या दारानं यावं. तिथं आम्ही वाद घालू, मत देऊ, हरलो तर मान्य करू.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे. आपण रीतसर आलो, ते बेकायदा आले, त्यांच्यापासून अंतर ठेवलेलं बरं. ५ फेब्रुवारीला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे; तिघे महाराष्ट्राचे. कायदा मोडणाऱ्याला परत पाठवायचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण माणसाला ४० तासांच्या प्रवासात साखळदंडानं बांधून न्यायचं कुठल्या कायद्यात बसतं? आणि अंतर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की या आदेशानं तुमचं बाळ आणि त्यांचं बाळ एकाच ओळीत बसवलं आहे. कागदपत्रांची फाइल कितीही जाड असली तरी ती ओळ बदलत नाही.

सरकारला मागे फिरणं जमत नाही, असं म्हणायची सोय नाही. २७ जानेवारीला सगळी अनुदानं आणि कर्जं थांबवण्याचा फतवा काढला, बोभाटा झाला, दोन दिवसांत तो मागे घेतला. १ फेब्रुवारीला मेक्सिको आणि कॅनडावर २५ टक्के आयातकर लावला, ३ तारखेला तो महिनाभर पुढे ढकलला. मग हा आदेशही मागे घेता येतो. लोकांनी मतं दिली ती महागाई कमी व्हावी म्हणून. जानेवारीत अंड्यांचा डझनाचा सरासरी भाव ४.९५ डॉलरवर गेला, महागाईचा दर ३ टक्के होता आणि १४ मार्चला सरकारी खर्चाची मंजुरी संपते आहे. नव्या सरकारसमोर ही खरी कामं पडली आहेत. ती करा. जन्मलेल्या लेकरांच्या मागे लागू नका.

प्रतिनिधींनो, आता तुम्ही. रिपब्लिकन असा की डेमोक्रॅट, दिवाळीला आमच्याकडे येऊन दिवा लावणारे, इंडिया डेच्या मिरवणुकीत फेटा बांधणारे तुम्ही सगळेच. या आदेशाला तुमचा विरोध आहे की पाठिंबा, हे १९ तारखेच्या आत लेखी सांगा. मौन हा पाठिंबा धरला जाईल. प्रतिनिधिगृहातलं बहुमत आज बोटांवर मोजण्याइतकं आहे आणि ३ नोव्हेंबर २०२६ ची मध्यावधी निवडणूक दूर नाही. न्यू जर्सीत कमला हॅरिस २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेमतेम सहा टक्क्यांनी जिंकल्या. २०२० मध्ये बायडेन सोळा टक्क्यांनी जिंकले होते. इथला मतदार कुणाच्या खिशात नाही, हे दोन्ही पक्षांनी त्यातून शिकावं. त्याआधी ४ नोव्हेंबर २०२५ ला न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक आहे. न्यू जर्सी या आदेशाविरुद्ध कोर्टात पुढे आहे, व्हर्जिनिया त्यात नाही. दोन्हीकडच्या उमेदवारांना आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत.

आणि शेवटी आपल्या पुढाऱ्यांनो. ज्यांच्यावर हे संकट आलं आहे त्यांना मत नाही. व्हिसावरच्या माणसाला उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, कायद्यानं बंदी आहे. नोकरी जाईल म्हणून तो आवाजही चढवू शकत नाही. ज्यांना मत आहे, पैसा आहे, आवाज आहे, त्यांची मुलं सुखरूप आहेत. म्हणून हे काम तुमचं आहे, माझं आहे, निळा पासपोर्ट खिशात असलेल्या प्रत्येकाचं आहे. १३ फेब्रुवारीला मोदी आणि ट्रम्प वॉशिंग्टनमध्ये भेटले, तेव्हा व्यापाराचा आकडा २०३० पर्यंत ५०० अब्ज डॉलरवर नेण्याची घोषणा झाली. तिचं स्वागत करणारे फोटो तुम्ही तासाभरात सगळीकडे पाठवलेत. या आदेशाबद्दल महिनाभर एक ओळ लिहिली नाहीत.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती आहे. हॉल घेतलेत, ढोल-ताशा ठरलाय, मुलांचे मावळ्यांचे पोशाख शिवून तयार आहेत. त्याच व्यासपीठावरून, माइक हातात घेऊन, या आदेशाचा निषेध करणारा ठराव मांडा आणि उपस्थितांच्या सह्या घ्या. हे राजकारण आहे, महाराष्ट्र मंडळ राजकारणात पडत नाही, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. फंडरेझरच्या पंगतीत हजार-हजार डॉलरची ताटं घेताना ती सबब कुठं होती? ज्या मंडळात ठराव येणार नाही, त्याची वर्गणी आम्ही भरणार नाही आणि त्याच्या पुढच्या निवडणुकीत समोर उमेदवार उभे करू.

२० फेब्रुवारीला सकाळी नऊपासून आम्ही प्रत्येक प्रतिनिधीच्या मतदारसंघातल्या कार्यालयात फोन करू. नाव, पत्ता, झिप कोड सांगू आणि एकच प्रश्न विचारू. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं उत्तर मिळालं तर दुपारी पुन्हा करू, दुसऱ्या दिवशी पुन्हा करू. मिळालेलं प्रत्येक उत्तर नावानिशी नोंदवू आणि १० जूनच्या न्यू जर्सीतल्या प्राथमिक निवडणुकीआधी ती यादी मराठीत, हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत आणि इंग्रजीत छापून दारोदार वाटू. यादीत ‘पाठिंबा’ किंवा ‘मौन’ या रकान्यात ज्याचं नाव असेल, त्याला आमच्या घरातून ना मत मिळेल, ना चेक.