मुलगी नक्की करते तरी काय?

परवा बचत गटाची मीटिंग संपली, सगळ्या पांगल्या, पण एक ताई मागे रेंगाळल्या. त्यांची मुलगी बी.ए. झालीय. इथेच वैरागला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. तिला इंटेलिजन्स ब्युरोचा, म्हणजे आयबीचा फॉर्म भरायचाय. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, पगार चांगला आहे म्हणतात. पण पोरगी काय काम करते तेच सांगता येणार नसेल, तर स्थळं कशी यायची?"

मैत्रिणींनो, मला हसू आलं नाही. प्रश्न खरा आहे.

आयबी म्हटलं की आपल्याला सिनेमातला हेर आठवतो. प्रत्यक्षात परीक्षा देऊन लागलेले साधे पदवीधरही तिथे असतात. २०२५ साली सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी या पदाच्या ३,७१७ जागा निघाल्या होत्या. कुठल्याही शाखेची पदवी, वय १८ ते २७, राखीव गटांना सवलत. मूळ पगार ४४,९०० पासून, वर वीस टक्के विशेष सुरक्षा भत्ता. मात्र बदली देशात कुठेही. १९८५ च्या कायद्यामुळे संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधनं. २०२१ पासून तर निवृत्तीनंतरही खात्याच्या कामाविषयी परवानगीशिवाय लिहिता येत नाही.

ही बंधनं कागदावर नोकरी करणाऱ्याची, पण निम्मी घर पेलतं. नवरा अशा खात्यात असला की बायको उशिराचं कारण विचारत नाही. शेजारणीला "सरकारी नोकरीत आहेत" एवढंच सांगते. दर बदलीला मुलांची शाळा शोधते, परक्या भाषेत भाजी घ्यायला शिकते. आणि आपण म्हणतो, "नशीब काढलं पोरीनं!" बहिर्जी नाईकांचं नाव आपल्या पोरासोरांना पाठ आहे. त्यांच्या घरी वाट बघणारं कोण होतं, हे कधी कुणी विचारलंय?

मग तीच नोकरी मुलीची असली, तर तेवढं जावयानं आणि सासूनं का करू नये?

धोका नाही असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात आयबीचे एक अधिकारी मारले गेले. ते सुट्टीवर, बायकोमुलांसोबत फिरायला गेले होते. आणि बाईला त्रास बाहेरूनच होतो असंही नाही. रॉ या दुसऱ्या गुप्तचर खात्यातल्या एका महिला अधिकाऱ्याची लैंगिक छळाची तक्रार नीट हाताळली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तिला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. गुप्त खात्यातही बाईचे हक्क गुप्त राहत नाहीत, हे मुलींना माहीत हवं.

म्हणून लग्न ठरवताना लपवाछपवी नको. बदली झाली तर कोण कुणाबरोबर जाणार, मूल कोण सांभाळणार, म्हाताऱ्यांजवळ कोण राहणार, हे बैठकीत सरळ बोलावं. "केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाखाली नोकरी आहे, कामाचं विचारू नका," एवढं सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ज्या घराला एवढं पुरत नाही, त्या घराला आपली लेकही पुरायची नाही.

ताईंना मी म्हटलं, फॉर्म भरू द्या. स्थळ सत्ताविशीनंतरही येतं. या फॉर्मचं वय मात्र निघून जातं.